ओहोटीच्या वाळूत ताई ची, पडवीत तलवार

गुहागरच्या किनाऱ्यावर पहाटे ओहोटी असली की सुरूच्या बनापासून पाण्यापर्यंत वाळूचे तीन पट्टे लागतात. वरची वाळू भुसभुशीत, तिच्यात पाय रुततो. मधली नुसती ओलसर. पाण्याजवळची मात्र सायकल चालवावी इतकी घट्ट. त्या तिसऱ्या पट्ट्यावर मी काठीने साधारण आठ फूट व्यासाचं वर्तुळ आखतो आणि त्याच्या कडेने चालतो. दहा फेऱ्या झाल्या की थांबून माझीच पावलं बघतो. टाच खोल आणि चवडा उथळ उमटला असेल, तर वजन मी पाय टेकण्याआधीच टाकलं. बाहेरची कड खोल असेल तर घोटा कलंडलाय. हे मला आरशाने कधी सांगितलं नव्हतं.

चिनी अंतर्गत युद्धकला (ताई ची आणि तिच्या बहिणी) आणि जपानी तलवारविद्या ह्या दोन्हींचा सराव मी गेली काही वर्षं करतोय. 'दोन्ही एकदम कसं जमतं?' असं विचारणारे भेटतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय. मला जमलेली रीत अशी: ताट एक, वाट्या वेगळ्या. चिनी सराव पाय आणि कंबर घडवतो. तलवारीचं टोक ते पाय-कंबर खरोखर घडलेत का ते दाखवतं. एकाचा रस्सा दुसऱ्याच्या वाटीत ओतलात की दोन्हींची चव जाते.

आधी ठरवायचं ते

चिनी बाजूला तीन मुख्य प्रकार आहेत: ताई ची, शिंगयी आणि बाग्वा. सुन लुतांग (1860–1933) ह्या माणसाने तिन्ही शिकून त्यांना एका कुटुंबात बसवलं आणि त्यांवर पुस्तकं लिहिली. ताई चीची मुळं हनान प्रांतातल्या चेन गावात सांगतात. आज जगभर शिकवला जाणारा चोवीस हालचालींचा छोटा संच मात्र 1956 साली चीनच्या सरकारी क्रीडाखात्याने बसवला. तो पाच-सहा मिनिटांत होतो आणि शिकवणाराही तुलनेने सहज सापडतो. तलवारीच्या सगळ्यात जवळची म्हणाल तर शिंगयी. तिच्या पाच मूळ प्रहारांतला पहिला, 'पी', म्हणजे कुऱ्हाडीने फोडणं, आणि तलवारीचा मुख्य वार वरून खाली फोडण्याचाच. पण नुसतं साम्य बघून निवडू नका. ज्याचा शिक्षक मिळेल ते घ्या.

जपानी बाजूला केंदो हा बांबूच्या तलवारीने, अंगावर कवच घालून खेळायचा खेळ. इआयदोमध्ये म्यानातून तलवार काढणं, वार, रक्त झटकल्याची खूण आणि पुन्हा म्यान, हे सगळं एकट्याने ठरलेल्या क्रमात करायचं. केनजुत्सू म्हणजे जोडीने, लाकडी तलवारींनी. कोकणातल्या गावात एकट्याने करायचं तर इआयदो सोयीचं. केंदो महासंघाच्या इआयदो संचात बारा काता, म्हणजे हालचालींचे ठरलेले क्रम, आहेत: पहिल्या तीन गुडघ्यांवर बसून, चौथी एक गुडघा उभा ठेवून, उरलेल्या आठ उभ्याने. गुडघे कुरकुरत असतील तर उभ्यांपासून सुरुवात करायची परवानगी मागा, लाजू नका.

दोन्ही शिक्षकांना दुसऱ्याबद्दल पहिल्याच दिवशी सांगा. मेइजीपूर्व, म्हणजे 1868 च्या आधीच्या, काळातल्या काही जुन्या घराण्यांत प्रवेश घेताना रक्ताची खूण करून शपथ घ्यायची प्रथा आहे, आणि तिच्यात घराण्याची विद्या बाहेर न नेण्याचं बंधन असतं. अशा ठिकाणी लपवाछपवी म्हणजे सरळ विश्वासघात. बहुतेक शिक्षक नाही म्हणत नाहीत. 'एक वर्ष थांबून मग दुसरं सुरू कर' एवढंच सांगतात, आणि ते बरोबर असतं. दोन्ही एकाच महिन्यात सुरू केलंत तर कुठली चूक कुठून आली ते तुम्हालाही कळणार नाही, त्यांनाही नाही.

गावात शिक्षक नसतो, ही आपली नेहमीची रड. मी महिन्यातून एकदा रात्रीच्या एसटीने पुण्याला जातो, दोन दिवस शिकतो आणि उरलेला महिना तेवढंच घोटतो. व्हिडिओ बघून ताई चीची हालचाल आठवता येते. पण म्यानातून तलवार काढायला व्हिडिओवरून शिकू नका. डाव्या हाताने म्यान मागे ओढण्याची वेळ जराशी चुकली की सवय वाकडी लागते, आणि धारेवर बोट ठेवायचा धडा तुम्ही स्वतःला रोज देत राहता.

ह्या दोन परंपरा एकमेकांना अगदीच अनोळखी नाहीत. सोळाव्या शतकात चीनच्या किनाऱ्यावर वाको चाचे येत, त्यांच्या लांब तलवारींनी मिंग सैनिक हैराण झाले होते. सेनापती छी जिग्वांगला 1561 साली लढाईत जपानी कागे घराण्याच्या तलवारविद्येची पोथी मिळाली आणि त्याने त्यावरून आपल्या शिपायांना दोन हातांची तलवार शिकवली. शत्रूची विद्या नीट शिकून घ्यायची ही गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळी समजावून सांगायला नको.

सुताराकडे

लाकडी तलवार, म्हणजे बोक्केन, बाहेरून मागवता येते. आमच्या सुतारकाकांनी मला तीनशे रुपये मजुरीत करून दिली. माप सांगताना इंचातच सांगा: एकूण लांबी तीन फूट चार इंच, मूठ साडेनऊ ते दहा इंच, वजन पाचशे ते सहाशे ग्रॅम. जपानात ओकचं लाकूड वापरतात. आपल्याकडे शिसव किंवा बाभळीचं जुनं, वाळलेलं लाकूड चालतं. सागाची एकट्याने हवेत फिरवायला ठीक, पण जोडीने ठोकाठोकी केलीत तर तिच्या कडा दबतात आणि कुसळं निघतात.

काकांना तलवारीचा बाक कापून काढायचा होता. मी म्हटलं, लाकडाची रेषा बाकाबरोबर वळत असेल असा तुकडा शोधा. आडव्या रेषेवर कापलेलं लाकूड एक दिवस टोकाशी तुटून उडतं. ते हसले. "कोयत्याच्या मुठीला बघतो तसंच ना?" तसंच. मग घराच्या मागच्या ढिगातून त्यांनी एक वाकडा तुकडा काढला, अंगठ्याने रेषा चाचपत दोनदा फिरवला आणि पेन्सिल कानावर ठेवली.

माझी पहिली चूक मात्र त्याआधीची. हौसेने खैराची करून घेतली होती, जवळजवळ किलोभर वजनाची. 'जड फिरवली की ताकद येते' ही आपली तालमीतली समजूत. दोन महिन्यांत उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला ठणका लागला, तो सहा महिने टिकला. ती आता दाराला अडसर म्हणून आहे.

बोक्केनला खोबरेल लावू नका. ते खवट होतं आणि मूठ चिकट बनते. जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, पुसा आणि दोन दिवस सावलीत ठेवा.

इआयदोला पुढे इआयतो लागते, जस्त-अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, बिनधारेची. ती समुद्रावर कधीही नेऊ नका. म्यानात एक कण वाळू गेली तरी पात्यावर कायमची रेघ उमटते, आणि खाऱ्या हवेने पातं पांढरं पडून चरायला लागतं. पावसाळ्यात लाकडी म्यान दमट हवेने फुगतं आणि तलवार अडकते. घाईने पॉलिश पेपर घेऊन आतून घासू नका, दिवाळीनंतर तेच म्यान खुळखुळायला लागेल. कोरड्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि ते चार महिने बोक्केनवर काढा.

धारदार तलवारीच्या फंदात पडूच नका. नऊ इंचांपेक्षा लांब पात्याचं धारदार हत्यार 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतं. बिनधारेची आणायची तरी पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्या. सणासुदीला किंवा निवडणुकीला जिल्ह्यात मनाई आदेश निघतात, त्यांत अनेकदा लाठ्याकाठ्याही येतात. त्या दिवसांत बोक्केन खांद्यावर टाकून बाजारातून मिरवू नका. एरवीही कापडी पिशवीत, तोंड बांधून न्या.

पंचांग बघून जागा

वाळू कधी मिळेल ते भिंतीवरच्या कालनिर्णयातून कळतं. आमच्याकडचा जुना हिशोब: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराला. त्यात सहा तास मिळवा किंवा वजा करा, की ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येला पहाटे सव्वापाचच्या सुमारास पाणी सगळ्यात मागे असतं, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे ओसरतंही भरपूर. अष्टमीला पहाटे सहाला भरती, त्यात भांग, म्हणजे पाणी कमी ओसरायचे दिवस, म्हणून किनाऱ्यावर जाऊन उपयोग नाही.

ह्यातून माझं वेळापत्रक आपोआप ठरलं. दर पंधरवड्यात चतुर्दशीपासून तृतीयेपर्यंत पाच दिवस वाळूवर चिनी सराव, तो उरकला की घरी थोडी तलवार. मधल्या दिवसांत अंगणात आणि पडवीत तलवार मुख्य, चिनी सराव फक्त उभं राहण्यापुरता. जून ते सप्टेंबर समुद्राकडे पाठ. तेव्हा लाटा किनारा खातात आणि पावलं वाचायला वाळू जागेवर राहत नाही.

पडवीत एक अडचण आहे. डोक्यावरून वार करताना टोक सरळ वर जातं तेव्हा साडेआठ-नऊ फूट मोकळी उंची लागते. आपल्या कौलारू पडवीचा उतार बाहेरच्या बाजूला सहा-सात फुटांवर येतो. पहिल्याच पावसाळ्यात मी एक वासा ठोकला आणि दोन कौलं खाली आणली. आई काही बोलली नाही, जेवायला बसल्यावर फक्त म्हणाली, "आज पाऊस पानात पडतोय." तेव्हापासून पडवीत बसून करायच्या काताच. जमीन सारवलेली असेल तर उत्तम. फरशी किंवा चिऱ्याचा कोबा असेल तर घडी घातलेली घोंगडी टाका. मांडी घालून बसणाऱ्या आपल्या गुडघ्यांना सेइझात, म्हणजे गुडघे टेकून टाचांवर, बसणं सुरुवातीला पाच मिनिटांच्या वर झेपत नाही. दर आठवड्याला मिनिट-मिनिटाने वाढवा.

पहिले तीन महिने नुसतं उभं राहणं

चिनी भाषेत ह्याला झान झुआंग म्हणतात, शब्दशः खुंटासारखं उभं राहणं. पाय खांद्याएवढे अंतर ठेवून समांतर ठेवा. गुडघे जरासे वाकवा, पण ते पायाच्या बोटांच्या पुढे किंवा आत जाता कामा नयेत. मांडी जिथे पोटाला मिळते ती जांघेची घडी सैल सोडा, उंच खुर्चीच्या कडेवर टेकायला निघालात तशी. माकडहाड जमिनीकडे लोंबतं ठेवा. हात छातीसमोर, माडाच्या बुंध्याला कवेत घ्यावं तसे, कोपर खाली लोंबणारे. श्वास आपोआप बेंबीखाली उतरेल, त्याला ढकलू नका.

पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं पुरेत. तिसऱ्या महिन्याअखेर वीस मिनिटं. दुसऱ्या मिनिटाला मांड्या थरथरतात, ते ठीक. गुडघ्याच्या वाटीत दुखलं तर मात्र लगेच उंच व्हा. दमट हवेत मे महिन्यात पाचव्या मिनिटालाच शर्ट पिळून काढावा लागतो, म्हणून सूर्य वर यायच्या आत आटपा.

महिनाभराने शिंगयीचा सान्ती नावाचा पवित्रा घ्या. एक पाय पुढे, वजन साठ-सत्तर टक्के मागच्या पायावर, पुढचा हात नाकाच्या उंचीला. इथेच एक धोक्याची खूण करून ठेवतो: तलवारीचा सेइगान पवित्रा, म्हणजे टोक समोर रोखून उभं राहणं, दिसायला असाच असतो, पण त्यात वजन जवळजवळ मधोमध असतं.

चिखलातलं पाऊल

बाग्वाच्या चालीला थांगनी म्हणतात, चिखल तुडवत जाणं. हे समजायला मला पुस्तक लागलं नाही. लावणीच्या वेळी ज्याने खाचरात पाय घातलाय त्याला ते ठाऊक असतं. तळ लागल्याशिवाय वजन टाकायचं नाही, टाकलंत तर गुडघाभर बसता. पाऊल सपाट पुढे जातं, सपाट टेकतं, तळाशी विचारपूस करतं, मग वजन.

क्रम असा ठेवा. आधी सरळ रेषेत, हात कमरेवर, दहा पावलं जाऊन परत. प्रत्येक पावलाला एक क्षण असा यावा की पुढचा पाय टेकलाय आणि तुम्ही तो वजन न हलवता परत उचलू शकता. हे जमलं की वर्तुळ. आतला पाय जवळजवळ सरळ, बाहेरचा थोडा आत वळलेला. दोन्ही गुडघे आणि घोटे एकमेकांच्या जवळून जातात. वळताना पुढचा पाय आत वळवून टाका, दोन्ही पायांची बोटं एकमेकांकडे येतील तसा, मग दुसरा पाय बाहेर उघडा. वाळूवर ही वळणाची खूण सगळ्यात जास्त चुगली करते. तिथे भोवरा पडला असेल तर तुम्ही पायावर वजन असताना तो फिरवलात, म्हणजे पीळ गुडघ्याने खाल्ला. हे एक जरी सुधारलं तरी वर्ष वसूल.

जपानी सुरीआशी, घासत जाणारं पाऊल, ह्याचा चुलतभाऊ. फरक इतकाच की थांगनीत पाय विचारत जातो आणि सुरीआशीत मागचा पाय अंगाला ढकलून देतो. वाळूवर सुरीआशी करून बघा. मागच्या पायाच्या चवड्यामागे छोटा ढीग साचायला हवा. तो नसेल तर तुम्ही पुढच्या पायाने अंग ओढताय.

पाय धुऊन मग तलवार

दोन सरावांमध्ये एक सीमा लागते. माझी सीमा विहिरीवर आहे. किनाऱ्यावरून आलं की पाय धुतल्याशिवाय घरात पाऊल टाकायची सोय आमच्याकडे नाहीच. मी दगडी डोणीपाशी पाय धुतो, पाणी पितो, कपडे बदलतो, ओबी म्हणजे कमरेचा पट्टा बांधतो, बसतो, तलवारीला नमस्कार करतो. ह्या पंधरा मिनिटांत अंगातली गोलाई निवते. हे गाळून सरळ बोक्केन उचललेल्या दिवशी माझा वार नेहमी लडबडतो.

मग सुबुरी, साधे वार. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका मूठ धरतात, बाकीची बोटं नुसती सोबतीला. उजवा हात दिशा देतो, जोर डाव्याचा. कोयता वापरणाऱ्यांनी इथे सावध राहावं. कोयता मनगटाने मारायचा असतो, आणि नारळ सोलायला ते छानच आहे, पण तलवारीला तो झटका घातलात तर टोक शेवटी डुलतं. खांदे न उचलता हात वर, टोक मागे कमरेखाली पडू देऊ नका. मग टोकाला पुढे फेकल्यासारखं मोठ्या कमानीत खाली, आणि बेंबीच्या उंचीला दोन्ही हातांनी ओला टॉवेल पिळल्यासारखं थांबवा.

टोक थांबल्यावर हललं का, एवढंच बघा. हललं तर कारण बहुधा हातात नसतं. जांघेची घडी बंद झालेली असते, किंवा मागची टाच उडालेली असते. तीन महिने उभं राहिलात ते इथे कामी येतं. रोज पन्नास सावकाश वार पुरेत, कोपर दुखलं तर वीस. काता सुरू करण्याआधी तीन श्वास घ्यायची रीत आहे, तिसरा आत घेताना हालचाल सुरू होते.

जिथे दोन्ही भांडतात

ताई चीत हात जिथे जातो तिथे वळत जातो, आणि एक हालचाल दुसरीत विरघळते. इआयदोत वाराला कड असते. तो सुरू होतो, संपतो, आणि संपल्यावरही नजर शत्रूवर टिकते, त्याला झान्शिन म्हणतात. दुसऱ्या वर्षी माझ्या कातांत एक लाडीक गोलाई शिरली होती. मला वाटायचं, वा, किती मोकळं झालंय अंग! जपानी बाजूच्या शिक्षकांनी एक काता शांतपणे बघितली आणि विचारलं, "पोहताय का?" उलटही होतं. तलवारीच्या दिवसांनंतर ताई ची केलं की प्रत्येक हालचालीच्या शेवटी मी गोठतो, जणू कुणी हुकूम दिलाय.

दुसरं भांडण वजनाचं. सान्तीतलं मागे बसलेलं वजन सेइगानमध्ये आणलंत तर वार पोचत नाही, चार बोटं आधीच संपतो. झाडाला दोरीने टांगलेली नारळाची करवंटी समोर ठेवून अंतर मोजा, लगेच दिसेल.

खांदा खाली सोडणं, कोपर जड ठेवणं, जांघ मोकळी आणि मान उंच ठेवणं, ह्यावर मात्र दोघांचं एकमत आहे. म्हणून शंका आली की अंगाचं ज्ञान इकडून तिकडे न्या, आकार नेऊ नका. आणि ताई चीची सरळ दुधारी तलवार, जिआन, पहिली दोन वर्षं शिकू नका. ती एका हाताची, मनगटाची. कातानाची, म्हणजे जपानी तलवारीची, मूठ तिने बिघडते.

जोडीदार

ह्या कलांत शेवटी दुसरं माणूस लागतंच. ताई चीत दोघं मनगटं टेकवून एकमेकांचा तोल हातानेच ऐकतात, जपानी बाजूला जोडीची काता असते. बोक्केनची जोडीची काता शिक्षक समोर असल्याशिवाय करू नका. डोळा किंवा बोटं जायला एक चूक पुरते.

हाताने तोल ऐकायचा सराव मात्र मला गावातच मिळाला, शिमग्यात. पालखी खांद्यावर घेऊन नाचवताना पुढचा गडी कुठे वळणार ते डोळ्यांना दिसत नाही, ते दांडीतून खांद्यात येतं. खांदा ताठ ठेवलात तर दांडी हाडावर आपटते आणि दुसऱ्या दिवशी निळा डाग. खांदा सोडून जांघेत बसलात तर वजन सरळ पायांत उतरतं, आणि ढोलाबरोबर मागचा माणूस काय करणार ते अर्धा ठोका आधी कळतं. यंदा माझ्या मागे सुतारकाका होते, सत्तरीचे. त्यांनी ना ताई ची ऐकलंय ना शिंगयी. त्यांचा खांदा एकदाही वर आला नाही.